फेलिझार्दाच्या घरचं जेवण

नाकालाजवळ, मोझांबिक
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मांय,

पोचलो, धड आहे, जेवतोय. एवढं आधी लिहितो, कारण त्याशिवाय तू पुढचं वाचणार नाहीस.

फोन येत नाही म्हणून रागावू नकोस. नव्या ब्रदरांसाठी इथे मिशनचा नियम आहे. गावची भाषा येईपर्यंत मिशनच्या इमारतीत राहायचं नाही, गावातल्या एखाद्या घरी राहायचं, आणि फोन फादर सुपिरियरच्या कपाटात. नाहीतर आम्ही रोज घरच्यांशी बोलत बसू आणि माखुवा भाषा जिभेला लागणारच नाही. पत्राला मात्र बंदी नाही. फादर शनिवारी शहरात जातात, तेव्हा ते माझ्या पत्राचा फोटो तुला पाठवतील. तूही फोटो पाठव, ते छापून आणतील.

माझं घर म्हणजे मामा फेलिझार्दाचं घर. इथे मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई. साठीची आहे, विधवा. मुलगे कामाला शहराकडे, घरात एक सून. मामाचा आवाज असा, की रापणीचं जाळं ओढायला माणसं बोलवायची तर भोंगा नको. सकाळी मी तिच्याबरोबर विहिरीवर जातो आणि पाण्याचा डबा डोक्यावरून आणतो. बाप्या माणूस पाणी आणतो म्हणून बायका हसतात. मग सायकलीवरून चॅपेल. मुलांना धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या घरी फेरी, परत येताना वाळूत सायकल रुतते ती ढकलत आणायची. दुपारी मामाचा वर्ग. चुलीजवळ बसवते आणि एकेक भांडं, एकेक जिन्नस दाखवते. नाव सांगितलं तर तो जिन्नस ताटात. पहिल्या आठवड्यात मी मीठ आणि पाणी यांवरच होतो म्हण ना.

मांय, तुला खरं वाटणार नाही, पण तिची खोबरं खवायची आडोळी अगदी आपल्यासारखी आहे. माशाच्या कढीत नारळाचं दूध घालतात. दारात काजू, मागे माड. डोळे मिटले की देवबागच. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, तुझी आई लांब आहे, तोवर मी आहे. मला फार बरं वाटलं.

तुझा,
ॲल्स्टन

•

देवबाग, ता. मालवण
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ॲल्स्टन,

तुझं पत्र शेजारच्या कुस्तोदियोने वाचून दाखवलं. फोनवर तुझी अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. कुस्तोदियोची तरुणपणाची वर्षं मोझांबिकात गेली, त्यामुळे तू गेल्यापासून तो रोज संध्याकाळी येतो, मला तो देश समजावतो आणि चहा पिऊन जातो.

तू डोक्यावरून पाणी आणतोस हे वाचून आनंद झाला. इथे पंपाचं बटण दाबायला सांगितलं तर तुझी पाठ दुखायची.

नाव सांगितल्याशिवाय जेवण नाही, ही कुठली रीत? मी तुला जेवायला घालताना कधी परीक्षा घेतली नाही. आणि ‘तोवर मी’ म्हणजे काय? आई काय ग्रामपंचायतीची खुर्ची आहे, एक उठली की दुसरी बसली? आमच्यात मामा म्हणजे आईचा भाऊ. तिला तेवढंच राहू दे.

मला काही वाटत नाही, सहज विचारते. ती दिसायला कशी? कढीत आंबट काय घालते? तुझा सदरा कोण धुतं? आडोळी आपल्यासारखी असली म्हणून हात आपल्यासारखा असतो असं नाही.

इथे आपल्या पर्यटकांच्या खोल्यांत पाहुणे चालू आहेत. कालच पुण्याच्या एका कुटुंबाने माझी सुरमई खाऊन हात जोडले. मी त्यांना सांगितलं, हे जेवण ज्याच्यासाठी शिकले तो परदेशात मिशनरी आहे.

तुमच्या तिकडच्या हॉस्पिटलातली सिस्टर डेलिशा रजेवर गोव्याला आली आहे. तिला गाठून मसाला, तिरफळं आणि सोलं दिली आहेत. हे सगळं तुझ्यासाठी आहे. पुन्हा लिहिते, तुझ्यासाठी.

तुझी आई,
जुलियाना

•

नाकालाजवळ
२३ मार्च २०२५

प्रिय मांय,

सिस्टर डेलिशाने पुडकं पोचवलं. उघडलं आणि आख्ख्या अंगणात आपल्या स्वयंपाकघराचा वास सुटला. मला एकट्याला कुठे स्वयंपाक येतो? सगळं मामा फेलिझार्दाच्या हाती दिलं. तिने मसाला हुंगला, शिंकली आणि म्हणाली, हा करून बघते. रविवारी चॅपेलातल्या मिसानंतर तिने त्याची कढी केली आणि सगळी वाडी जेवायला बसली. तिरफळाने सगळ्यांच्या जिभा बधिर झाल्या. मामाची कढी अशी कधी झाली नव्हती, असं सगळे म्हणत होते. तिला फार मान मिळाला. तुला ऐकून आनंद होईल.

आता जेवण मला पूर्ण मिळतं, सगळी नावं पाठ झाली. परवा एका घरी मयत होती, तिथे मी माखुवात प्रार्थना सांगितली. चुकलो तिथे मामा मागून हळूच सांगत होती. त्या घरची म्हातारी मला म्हणाली, फेलिझार्दाचा मुलगा बरा बोलतो.

आता महत्त्वाचं. माझी गुरुदीक्षा जानेवारीत ठरली आहे. बिशपना देवबागच्या आपल्या इगर्जीत बोलवायचं की दीक्षा इथेच घ्यायची, ते फादर सुपिरियरनी माझ्यावर सोडलं आहे. इथे गावाने मिळून विनंती केली की इथेच व्हावी, त्यांनी अजून दीक्षा पाहिलेलीच नाही. मामा सगळ्यांच्या पुढे होती. मी काही ठरवलेलं नाही. तुझं मत कळव.

तुझा,
ॲल्स्टन

•

देवबाग
३० मार्च २०२५

ॲल्स्टन,

मत विचारतोस?

मसाला मी भाजला, सिस्टरने वाहिला आणि मान फेलिझार्दाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हे. त्याचं मला काही नाही. मसाला दुसरा होतो.

पण दीक्षेचं सांगते. बिशप तुझ्या तळव्यांना पवित्र तेल लावतील, तेव्हा तुझे हात ज्या फडक्याने बांधतील ते फडकं आईला मिळतं. ती जपून ठेवते. मेली की ते तिच्या हातात देऊन तिला पुरतात, म्हणजे वर विचारलं काय आणलंस, तर दाखवायला होतं की मुलगा दिला. तुझ्या आजीच्या हाती काही नव्हतं, माझ्या असेल. तू सेमिनरीत गेलास तेव्हाच मी ते शिवून ठेवलं, पांढरं, कडेला हाताची शिवण. बाप गेल्यावर तू एकटाच होतास मला आणि तोच देवाला दिला. लोक म्हणाले, जुलियानाक येड लागला. मी फडक्याची कड शिवत राहिले.

दीक्षा तिकडे झाली तर मी येणार कशी? डॉक्टर मला मालवणच्या त्यांच्या दवाखान्याचा जिनासुद्धा चढू देत नाहीत, विमानाचं तर सोड. मग ते फडकं कोणाच्या हातात देणार आहात? समोर उभी कोण असणार, ते मला कळतंय. वाढवला मी आणि आयत्या बिळावर नागोबा ती. कानामागून आली आणि तिखट झाली, तेही माझ्याच मसाल्याने.

कुस्तोदियो म्हणाला, “जुलियाना, तुझो जीव जळता.” मी म्हटलं, “माका कित्याक जळात? माका फक्त बरां वाटणा नाय.”

तू ‘फेलिझार्दाचा मुलगा’ असशील तर तसं कळव. मी पाहुण्यांना सांगायचं बंद करीन.

जुलियाना

•

नाकालाजवळ
१८ मे २०२५

प्रिय मांय,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. भाषेची परीक्षा होती, शिवाय पावसाने रस्ता वाहून गेला होता. मी बरा आहे. दीक्षेचं अजून ठरवलेलं नाही. तू म्हणतेस तसं मनात काही आणू नकोस. मामा फेलिझार्दाने माझं फार केलं, एवढंच सांगतो. सविस्तर नंतर लिहीन. अक्षर वाईट आलंय, पेन चांगलं नाही.

तुझा,
ॲल्स्टन

•

देवबाग
१ जून २०२५

(कुस्तोदियो, हे पोर्तुगीजमध्ये उतरव आणि त्या फादरांच्या फोनवर पाठव. वर लिही की थेट फेलिझार्दाला द्यावं, ॲल्स्टनला नको. जसंच्या तसं उतरव. गोड करू नकोस.)

बाई फेलिझार्दा,

मी ॲल्स्टनची आई. मुलाच्या मार्फत लिहिलं असतं, पण तो मधे साखर घालील.

आठ आठवडे माझ्या मुलाने मला पत्र लिहिलं नाही. मग लिहिलं ते सात ओळींचं, आणि त्यातली एक ओळ तुझी. मी विचारलं होतं ते बाजूलाच. तुझ्याकडे त्याला एवढं बरं वाटतं की आईला उत्तर द्यायला सवड होत नाही, असा मी अर्थ घेतला. दुसरा काही असेल तर सांग.

तू त्याला जेवू घालतेस, त्याबद्दल देव तुझं बरं करो. हे मी मनापासून म्हणते, बाकीचंही मनापासूनच म्हणते. तो लहानपणी माशाचा काटा गिळून निळा पडला होता, तेव्हा बोट घालून काढला तो मी. त्याला भाषा शिकवली, प्रार्थना शिकवली, तीही मी. तुझ्याकडे आला तो तयार होऊन आला. त्याला नावं विचारून भात वाढायला फार अक्कल लागत नाही.

दीक्षा तिकडेच करा म्हणून तू पुढे झालीस असं कळलं. दीक्षेला एक फडकं असतं, ते आईचं असतं. ते घेऊन आईला पुरतात. त्यावर डोळा ठेवू नकोस. तुला मुलगे आहेत. माझा हा एकच.

आता इथे पाऊस लागला, पाहुणे बंद झाले, मला वेळ भरपूर आहे. उत्तर पाठव.

ॲल्स्टनची आई

•

२९ जून २०२५

(जुलियाना, तुझं जसंच्या तसं केलं होतं, तिचंही तसंच मराठीत करतो. तिने सांगितलं आणि सुनेने पोर्तुगीजमध्ये लिहिलं. गोड केलेलं नाही; ‘दोना’ म्हणजे बाईसाहेब, ते तिचंच. बसून ऐक. — कुस्तोदियो)

दोना जुलियाना,

तुमचं पत्र सुनेने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, कारण एवढ्या रागाने मला कोणी कधी लिहिलं नाही.

तुम्हाला वाटतं मी तुमचा मुलगा घेतला. मी सांगते माझ्या घरात काय चालतं ते. मी कढी करते, तो जेवतो आणि म्हणतो, माझी आई यात एक आंबट फळ घालते. मी मासा भाजते, तो म्हणतो, माझी आई तो पानात गुंडाळते. तुम्हाला मी पाहिलं नाही, पण प्रत्येक जेवणाला तुम्ही माझ्या चुलीपाशी बसलेल्या असता. तुमचा मसाला घातला त्या दिवशी तो दोन ताटं जेवला. माझ्या हातचं तो कधी दोन ताटं जेवला नव्हता. गावाने मला मान दिला तो मी घेतला, पण उरलेला मसाला दुसऱ्या दिवशी शेजारणीला देऊन टाकला. घरात ठेववेना.

पत्र का आलं नाही तेही सांगते. त्याने सांगू नका म्हटलं होतं, मिशनच्या सिस्टरलाही तोंड बंद ठेवायला लावलं. पण तुम्ही विचारलंय आणि मी आई आहे. ईस्टरनंतर त्याला मलेरिया झाला, डोक्यात चढणारा. दोन माणसांनी मोटारसायकलवर मधे धरून त्याला हॉस्पिटलात नेलं. मी मागून चालत गेले आणि तिथेच राहिले. भर दुपारी त्याचा ताप असा चढला की तो कोणाला ओळखेना. आमची भाषा विसरला, पोर्तुगीज विसरला. एकच शब्द ओरडत होता, मांय, मांय. तो शब्द मला कोणी शिकवला नव्हता, पण कळला.

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, मी इथे आहे. दोना जुलियाना, त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पुन्हा तुम्हाला हाका मारायला लागला. संध्याकाळपर्यंत मारत होता. मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, इथे आहे, इथे आहे. माझ्या पोटच्या मुलांनीही माझा असा अपमान कधी केला नाही. तो जगला, मी देवाचे आभार मानले, आणि बाहेर येऊन तुमच्यावर रागावून रडले.

दीक्षा इथे व्हावी असं मी म्हटलं होतं, खरं आहे. मला ती बघायची होती. फडक्याचं मला माहीत नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत. आता माहीत झाल्यावर मलाही हवंसं वाटतं. तुम्ही सांगायला नको होतं.

पण मी फादरांकडे जाऊन सांगून आले की त्याला आईकडे पाठवा, दीक्षा तिथे होऊ द्या. भिंतीकडे तोंड फिरवणाऱ्या मुलाचं फडकं घेऊन मी कशी पुरून घेऊ?

फेलिझार्दा

•

नाकालाजवळ
१३ जुलै २०२५

प्रिय मांय,

तुला सगळं कळलं हे मला काल कळलं. आजार लपवला, त्याबद्दल तू देशील ती शिक्षा. तू एकटी आहेस, जिवाला घोर लागला असता, म्हणून नाही सांगितलं. आता पूर्ण बरा आहे, सायकल चालवतो.

दीक्षा देवबागला, जानेवारीत. फादरनी बिशपना कळवलं. तुझं फडकं तयार ठेव. फेब्रुवारीत मी परत इथे येईन. आता माझी नेमणूक इथलीच आहे, मांय, किती वर्षांची ते कोणी सांगत नाही. मामा हल्ली माझ्याशी थोडकंच बोलते. तुम्ही दोघींनी एकमेकींना काय लिहिलं ते मला ती सांगत नाही, आणि तूही सांगणार नाहीस.

तुझाच,
ॲल्स्टन

•

देवबाग
२० जुलै २०२५

(कुस्तोदियो, हेही जसंच्या तसं. आणि मधेच रडू नकोस, मागच्या वेळी चहात पाणी झालं.)

बाई फेलिझार्दा,

तुझं पत्र कुस्तोदियो वाचत होता तेव्हा मी बांगडे साफ करत होते. ते मांजराने नेले, मला दिसलंसुद्धा नाही. तो तिकडे तापात होता आणि मी इथे तुझ्यावर फुगून बसले होते.

फडकं माझं आहे. ते तुला मिळणार नाही, अर्धंसुद्धा नाही. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

माझा मत्सर गेला असं समजू नकोस. तू धरलेला हात सोडून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, हे ऐकून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. कुस्तोदियो घरी गेल्यावर मी त्याला परत बोलावलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. मग तांदूळ निवडताना मनात आलं, की माझा मुलगा दुपारपासून संध्याकाळपर्यंत हाका मारत होता आणि त्याला ओ मिळालीच नाही. तू दिलीस, पण ती त्याला लागली नाही. म्हणजे इतका वेळ तो बिनआईचाच पडून होता. ज्याचं मला बरं वाटलं ते हे होतं.

फेब्रुवारीत तो परत तुझ्याकडे येईल. फडकं माझ्या कपाटात आणि पोर तुझ्या दारात. वाटणी बघितली तर तुझीच मोठी आहे, मला ती सलते आणि सलतच राहील. तिकडचे डास काही संपणार नाहीत. ताप पुन्हा येईल. मी तिथे पोचणार नाही.

म्हणून लिहिते. त्याने पुन्हा हाक मारली तर तुझ्या भाषेत बोलू नकोस, पोर्तुगीजही नको. हात कपाळावर ठेव. हात धरू नकोस, लहानपणापासून त्याला हात धरलेला आवडत नाही, म्हणून तो वळला असेल. आणि म्हण: “मी हंयच आसंय रे पुता. भिया नको, नीज.” कुस्तोदियो हे रोमन अक्षरांत खाली लिहितोय. सुनेकडून पाठ करून घे. ‘पुता’ जरा लांब म्हण.

आणि एकदाच म्हण. मी कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नाही. दोनदा म्हटलंस तर तो ओळखेल की मी नाही.

जुलियाना